जगल्यावरची तरतूद

आप्पा,

आज तुम्हाला एका विम्याबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला हसू येईल, कारण विम्याचे एजंट काका जिना चढताना दिसले की तुम्ही आतल्या खोलीत जायचात आणि आईला सांगायचात, "अक्कलकोटला गेलोय म्हण." एकदा काकांनी दारातल्या तुमच्या चपलांकडे बघितलं आणि म्हणाले, "अनवाणी गेले वाटतं." मग तुम्हीच हसत बाहेर आलात आणि त्या दिवशी त्यांच्याकडून पॉलिसी घेतलीत. तुम्ही गेलात तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आता सेहेचाळीस आहे. जेवढी वर्षं तुमच्यासोबत काढली तेवढीच तुमच्याशिवाय. एवढ्या काळात सांगण्यासारखं बरंच घडलं, पण ते आईला सांगून संपायचं. आई आता धाकटीकडे पुण्याला असते. फोनवर विमा हा शब्द जरी कानावर पडला तरी ती पहिल्यांदा विचारते, "कोण आजारी आहे?" आणि मग दोन दिवस तिला जेवण जात नाही. म्हणून तुम्हाला.

माझ्या नवऱ्याला तुम्ही पाहिलेलं नाही. ते मोडनिंबजवळच्या एका वाडीतले. घरची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. शाळा सुटली तशी सोलापूरला आले, एका गणवेशाच्या कारखान्यात काज-बटण करायला लागले आणि बघून बघून कटिंग शिकले. आता त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, शाळांचे गणवेश शिवायचा. सहा मशिनी, शिवायला सहा बायका, पण कापड कापायचं काम ते कुणाला देत नाहीत. टेबलावर कापडाचे साठ-सत्तर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि विजेच्या पात्यानं एका दमात कापत न्यायचं. हात बोटभर सरकला तर साठ पोरांच्या चड्ड्या वाया. त्यांचा हात सरकत नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. कायम नोकरी, आजारपणाची रजा भरपूर साठलेली. लग्न ठरताना नातेवाईक म्हणाले होते, मुलीची नोकरी पक्की आहे, मुलाच्या धंद्याचं काही खरं नसतं. मला मात्र हातानं काम करणारा माणूस घरात येतोय याचंच बरं वाटलं होतं. का ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारचा कारखाना बंद पडला. मालक त्यांचा मित्रच, वयानं चार वर्षं लहान. घशाचा कॅन्सर निघाला. उपचार चांगले झाले, माणूस आज हिंडतो-फिरतो, रोज संध्याकाळी सात रस्ता चौकापर्यंत चालून येतो. दवाखान्याचं बिल मेडिक्लेममधून भागलं. पण वर्षभर त्यांना कारखान्यात उभं राहता आलं नाही. उन्हाळ्याचा अख्खा सीझन हातचा गेला आणि शाळांनी ऑर्डरी दुसरीकडे दिल्या. एका रविवारी मी यांचा डबा घेऊन गेले तर शेजारी टेंपो उभा होता आणि त्यात मशिनी चढत होत्या. त्या मित्राची बायको प्रत्येक मशीन उचलायच्या आधी पदरानं पुसत होती. मला बघून म्हणाली, "दवाखान्याचं सगळं मिळालं हो वहिनी, कुठं अडलं नाही. पण घरी बसलेल्या माणसाचं वर्ष कोण देतं?" मी त्या मशिनींकडे बघत होते आणि मला आपले टाइपरायटर दिसत होते.

नव्या पेठेतली वरच्या मजल्यावरची ती खोली. बारा टाइपरायटर, सात इंग्रजी आणि पाच मराठी, भिंतीवर कळफलकाचा मोठा तक्ता, आणि सकाळी सातची बॅच सुरू झाली की खालचा किराणा दुकानदार आपलं बोलणं मोठ्या आवाजात करायचा. बारावीनंतर मी तुमच्याच क्लासला बसले आहे. तुम्ही मागून येता, माझ्या हातांवर वर्तमानपत्र धरता आणि म्हणता, "बोटांना ठाऊक आहे कुठं जायचं ते. तू मधे बघू नकोस." एकदा माझं अक्षर चुकलं, ते मी रबरानं खोडून त्यावर दुसरं मारलं आणि कागद तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही तो उजेडात धरलात. सगळ्या मुलींसमोर म्हणालात, "चूक झाली तर झाली. ती तशी ठेवायची आणि खाली आपलं नाव लिहायचं. खोडून शहाणं दिसायला जाऊ नका." 'जाऊ नका' म्हणालात, मला, स्वतःच्या मुलीला. घरी आल्यावर मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही मात्र जेवताना माझ्या ताटात शेंगाची चटणी वाढलीत, जसं काही झालंच नव्हतं.

आणि मग तो दिवस. मी एकोणीस वर्षांची, तुम्ही एक्कावन्न. परीक्षा जवळ आली होती म्हणून रोज स्पीड टेस्ट असायची. सात मिनिटांचा उतारा. तुम्ही गळ्यात दोरीनं अडकवलेलं स्टॉपवॉच हातात धरून खिडकीपाशी उभे राहायचात आणि सात मिनिटं झाली की 'स्टॉप' म्हणायचात. त्या दिवशी मी उतारा संपवला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, अर्ध्यावर आले, तरी स्टॉप येईना. सगळी खोली खडखडत होती. मी मान वर केली. स्टॉपवॉच तुमच्या हातातून सुटून छातीवर लोंबत होतं, तुम्ही उजव्या हाताकडे बघत होतात आणि तुमचे ओठ हलत होते. मुली टाइप करतच होत्या, कारण सांगितल्याशिवाय थांबायचं नाही हे तुम्हीच त्यांना शिकवलं होतं. शेवटी 'थांबा' मी म्हटलं.

उजवी बाजू गेली. बोलणं अर्धं राहिलं. तीन महिन्यांनी आईनं कपाटातून ती पॉलिसी काढली आणि एजंट काकांना बोलावलं. तुम्ही पलीकडच्या खोलीत खाटेवर, दार उघडं. आई म्हणाली, "भावजी, यातून आता काही मिळतं का? हात गेला, क्लास बंद पडलाय." काकांना उत्तर माहीत होतं, तरी त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग हळू म्हणाले, "वहिनी, हे मास्तरांच्या मागं आहे. म्हणजे… ते आहेत तोवर यात काही नाही." आणि आतून तुमचा आवाज आला, जीभ जड, पण प्रत्येक अक्षर मुद्दाम लावलेलं, "सॉ… री… हं." आम्ही दाराकडे बघितलं तर तुम्ही अर्ध्या तोंडानं हसत होतात. काका हसले, मी हसले, आईही हसली आणि हसता हसता स्वयंपाकघरात गेली. तिनं तिथं परात ओढली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. दुपारचे चार वाजले होते, भाकऱ्या कुणालाच नको होत्या. पुढच्या महिन्यात त्याच स्वयंपाकघरातून कॉलेजच्या मुलांचे डबे बाहेर पडायला लागले आणि तुम्ही होतात तोवर, म्हणजे चार वर्षं, ते बंद झाले नाहीत.

टाइपरायटर एकेक करून गेले. एक मराठी तुम्ही ठेवून घेतलात. माझ्या कॉलेजातल्या नोकरीची जाहिरात आली तेव्हा मी अर्ज हातानं लिहायला बसले, तर तुम्ही खाटेवरून मान हलवलीत. नाही. मला टाइपरायटर स्टुलावर ठेवायला लावलात, कागद मी चढवला, आणि तुम्ही डाव्या हाताच्या एका बोटानं तो अर्ज टाइप केलात. सकाळी दहाला बसलात ते आई जेवायला बोलवायला दोनदा येऊन गेली तरी उठला नाहीत. दीड पानाचा अर्ज. त्यात एकही चूक नव्हती. माझ्या हातात देऊन म्हणालात, "वाच." मी वाचला. "चूक?" म्हणालात. मी नाही म्हटलं. मग तुम्ही डोळे मिटलेत आणि तसेच बसल्या बसल्या झोपी गेलात. मला आयुष्यात कुणी एवढी मोठी वस्तू दिलेली नाही.

एक गोष्ट आईला अजून माहीत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही त्या दिवसाच्या आधी चार-पाच महिने बंद केल्या होत्या. गोळी घेतली की सकाळच्या बॅचला सुस्ती येते, असं तुम्ही मला जिन्यात सांगितलं होतं. "आईला बोलू नकोस. उगाच घर डोक्यावर घेईल." मी बोलले नाही. मला वाटलं, तुम्ही मला मोठं समजून काहीतरी सांगितलं. त्या विश्वासाचा मला अभिमानच वाटला होता.

तर त्या टेंपोच्या रविवारनंतर मी एका विमा एजंट मुलीला घरी बोलावलं. आमच्याच कॉलेजात शिकलेली, चुणचुणीत. तिनं नीट समजावलं. "मॅडम, मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतं. हा गंभीर आजाराचा विमा बिल बघतच नाही. यादीतला आजार झालाय हे डॉक्टरांच्या कागदावर पक्कं झालं, की ठरलेली रक्कम एकदम तुमच्या हातात. ती घरखर्चाला वापरा, कारखान्याच्या भाड्याला वापरा, कुणी विचारत नाही."

"आणि मग?"

"मग ती पॉलिसी संपली. एकदाच मिळतं."

"आणि माणूस जिवंत असताना मिळतं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. "हो मॅडम, जिवंत असतानाच. तेच तर."

मी तिच्याकडून छापील अटींचा पूर्ण कागद मागून घेतला आणि चार दिवस ऑफिसातल्या मधल्या सुट्टीत तो वाचला. आप्पा, तुम्हाला तो आवडला असता, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचायचा कागद आहे. आजाराचं नाव यादीत आहे एवढ्यानं भागत नाही, तो किती वाढलेला हवा हेही लिहिलेलं असतं. कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा असेल तर नाही. हृदयाचा झटका आहे, पण नुसती शीर फुगवून स्प्रिंग बसवली तर या पॉलिसीत धरत नाहीत. पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत काही निघालं तर नाही. आणि आजार पक्का झाल्यावर तीस दिवस माणूस जगला पाहिजे. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कुठल्याशा ऑफिसात बसून कुणीतरी हे लिहिलं होतं, की जो जगेल त्याच्यासाठी हे आहे. पक्षाघाताच्या ओळीशी आले तेव्हा मी तुम्हाला तिथं बसवून बघितलं. स्कॅनमध्ये दिसायला हवं, दिसलं होतं. तीन महिन्यांनंतरही अधूपण राहिलेलं हवं, राहिलं होतं. तीस दिवस जगायला हवं, तुम्ही चार वर्षं जगलात. म्हणजे तुम्हाला मिळालं असतं. मग मी मागच्या पानावर गेले. तिथं फॉर्म होता, आणि त्यात विचारलं होतं: रक्तदाब आहे का? औषध चालू आहे का? तुम्ही काय लिहिलं असतंत ते मला कळेना, आणि मी डबा न खाताच झाकण लावलं.

संध्याकाळी यांच्याशी बोलले. ते दारात बसून नखांतला खडू काढत होते. म्हणाले, "मला काय धाड भरलीय? आन् एक विमा हाय की आपला."

"तो तुमच्या मागं आहे."

"मग झालं की. आनि काय पायजे?"

"मागचं नाही विचारत मी. तुम्ही असलात आणि हात चालला नाही, तर?"

ते नखं कोरायचे थांबले. माझ्या घरात काय झालं ते त्यांना माहीत आहे, लग्नाच्या आधीच मी सगळं सांगितलं होतं, त्या गोळ्यांचं सोडून. मग म्हणाले, "बरं. काय काय बघायचं ते बघू."

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पाच मिनिटं बसवून ठेवलं आणि पुन्हा बांधला. मग विचारलं, "कधी चक्कर? हाताला मुंग्या, बधिरपणा?" हे म्हणाले, "न्हाय." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एकदा झालं हुतं." मे महिन्यात, सीझनच्या ऐन गर्दीत, कापत असताना उजवा हात एकदम आपला नसल्यासारखा झाला. पातं वाकडं गेलं. दहा मिनिटांनी हात परत आला. त्यांनी बायकांना सांगितलं की कापडच खराब निघालं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन नवं कापड अंथरून सगळे थर पुन्हा कापले. मी तेव्हा विचारलं होतं, आज एवढ्या लवकर का? ते म्हणाले होते, ऊन व्हायच्या आत काम उरकतं.

डॉक्टर रागावले नाहीत, पण लगेच तपासण्या लिहून दिल्या. फार काही निघालं नाही. रक्तदाब मात्र बराच वाढलेला होता आणि तो बऱ्याच दिवसांचा होता. घरी येताना आम्ही चालतच आलो. मला संताप आला होता, आणि तो त्यांचा एकट्याचा नव्हता, आप्पा, थोडा तुमचाही होता. अशोक चौक ओलांडल्यावर तेच म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू काम बंद केलं असतं. सीझन हुता गं."

"व्हय," मी म्हटलं. "केलं असतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "भ्यालो हुतो मी. कापड पुन्ना कापताना लई भ्यालो हुतो." पंचवीसेक पावलं गेल्यावर मी त्यांना जिन्यातली गोष्ट सांगितली. तुमच्या गोळ्यांची. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. ते ऐकत चालले. मग म्हणाले, "तू लहान हुतीस." मी एकोणीस वर्षांची होते. ते मी बोलले नाही.

फॉर्म भरायच्या दिवशी ती एजंट मुलगी म्हणाली, "मॅडम, बीपी लिहू, ते सगळ्यांनाच असतं. पण हाताचं एकदाच झालंय, रिपोर्टमध्ये काही नाहीये. ते लिहिलं की प्रकरण अडकतं. बरेच लोक सोडून देतात." मला तिचा राग आला नाही. ती आमचं काम लवकर व्हावं म्हणूनच बोलत होती. मी म्हटलं, "आत्ता सोडलं तर पैसे मागायच्या वेळी अडकेल." तिनं फॉर्म आणि पेन माझ्यापुढं सरकवलं. हे बाजूला खुर्चीवर बसून नुसते ऐकत होते. एकदम म्हणाले, "लिव्हा की. हात गेला हुता दहा मिन्टं, मे महिन्यात, कापताना. सगळं लिव्हा." मी लिहिलं. खाली त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

प्रकरण अडकलंच. कंपनीनं कळवलं, आत्ता देता येणार नाही, सहा महिने उपचार घेऊन पुन्हा अर्ज करा. ते सहा महिने त्यांनी गोळी एक दिवस चुकवली नाही. सुस्ती आली तर कारखान्यात कापडाच्या गठ्ठ्यावर अर्धा तास आडवे व्हायचे आणि बायकांना सांगायचे, "गोळीनं झोप येतीया, उठवू नका." मी ते एकदा दारातून ऐकलं आणि परत फिरले. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, पुन्हा अर्ज. या वेळी पॉलिसी आली, थोडा जास्त हप्ता लावून, आणि आत एक वेगळा कागद जोडून. त्यात लिहिलं होतं की पक्षाघात आणि त्याच्याशी संबंधित काहीही यांच्या बाबतीत धरलं जाणार नाही.

आप्पा, ज्याच्या भीतीनं मी हे सगळं सुरू केलं, नेमकं तेवढंच वगळून आलं. मी तो कागद घेऊन स्वयंपाकघरात बसले. पंधरा दिवसांच्या आत परत केली तर पैसे परत मिळतात, असंही लिहिलं होतं. हे आले, त्यांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "बाकीचं हाय ना?" बाकीचं होतं. कॅन्सर, हृदय, मूत्रपिंडं. शेजारच्या कारखान्याला ज्यानं बंद पाडलं ते होतं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आन् जे न्हाय त्याचं मी बगतो." मला वाटलं, गोळ्यांचं म्हणत असतील.

सोमवारी मी संध्याकाळी कारखान्यात गेले तर कटिंगच्या टेबलाशी दुसरंच कुणी उभं होतं. त्यांच्याकडे बारा वर्षं शिवणारी बाई, विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिच्या हातात पातं होतं आणि हे हात मागं बांधून शेजारी उभे. समोर कापडाचे फक्त दहा थर.

"मास्तर, हात थरथरायलाय माझा."

"थरथरू दे. माझा बी थरथरायचा. रेघेकडं बग, पात्याकडं नगं."

तिनं कापलं. वाकडं गेलं. त्यांनी ते थर बाजूला ठेवले, दुसरे दहा अंथरले आणि पुन्हा हात मागं बांधले. स्वतःच्या हातानं पाच मिनिटांत होणारं काम दुसऱ्याला अर्धा तास करू द्यायचं म्हणजे त्यांना किती जड जात असेल, ते मला त्यांच्या पाठीमागच्या बोटांवरून दिसत होतं. ती बोटं तिच्या पात्याबरोबर चालत होती. हे मागच्या पावसाळ्यातलं. या सीझनला तिनं चाळीस थर कापले. दोन दिवस ते गावाकडे राहिले, मेंढरांच्या कसल्याशा जत्रेला, आणि कारखाना चालू होता. लग्नानंतर सीझनमध्ये त्यांनी घेतलेली ती पहिली सुट्टी.

शेजारच्या त्या मित्राची बायको परवा मला विचारत होती, असला विमा सगळ्यांनी घ्यावा का? मी म्हटलं, मला सगळ्यांचं माहीत नाही. मी एवढंच विचारलं होतं, की घरातलं कोण आजारी पडून घरी बसलं तर चूल कशी चालेल, आणि त्याचं उत्तर ज्याच्यापाशी आलं त्याच्यासाठी घेतला. आणि वाचून घेतला. माझ्यासाठी घेतला नाही. एजंट मुलगी दोनदा म्हणाली, मॅडम, तुमचाही करून टाकू. मी तिला कारणं सांगितली. माझी रजा साठलेली आहे, महिनोन् महिने घरी बसले तरी पगार येईल. दवाखान्याचं बिल नोकरीतून मिळतं. दोघांचे हप्ते भरण्यापेक्षा तेवढी रक्कम बँकेत बाजूला टाकलेली बरी, मुलीचं इंजिनिअरिंग अजून दोन वर्षं आहे. तिला पटलं, यांनाही पटलं. मलाही पटलं होतं, ती कारणं खरीच आहेत.

हे पत्र मी ऑफिसात, सगळे गेल्यावर, कॉम्प्युटरवर टाइप करते आहे. छापणार नाही. छापलं तरी कुठल्या पत्त्यावर टाकणार, आणि घरी नेलं तर हे वाचतील. त्यांनी वाचू नये असं यात एकच आहे, आणि ते मी अजून लिहिलेलं नाही. त्यांना तपासलं त्या दिवशी, पट्टा सोडल्यावर, डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले होते, "ताई, आलाच आहात तर तुमचंही बघू का? वडिलांना रक्तदाब होता ना?" हे तेव्हा बाहेर चपला घालत होते. मी पर्स उचलली आणि म्हटलं, "पुढच्या वेळी." त्यानंतर आम्ही त्या दवाखान्यात सात वेळा जाऊन आलो. प्रत्येक वेळी मी दाराबाहेरच्या बाकावर बसले.